अगंचं चित्र

द्वारकेच्या सिग्नलआधी खड्ड्यात चाक गेलं
आणि माझी पिशवी बोलली : "नको. नको. अजून."
शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं.
टॅब बंद करायला विसरले होते.
"मुलगा आहे आत," म्हटलं, तेवढ्यात हिरवा पडला.

तसं फार खोटं नव्हतं ते.

पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर शार्विल खैरनार,
वय सहा, शब्द शून्य, असं फाइलमध्ये.
त्याची आई प्रांजली दारातच विचारते,
यंत्रच बोलायला लागलं, तर हा कशाला बोलेल, मॅडम?
दर मंगळवारी विचारते.
दर मंगळवारी मी सांगते,
कुबडी दिली म्हणून कुणाचे पाय गळून पडत नाहीत.
तिला पटत नाही. ती चहा ठेवते.

पडद्यावर चौकोन : पाणी, हवं, बाबा, झालं.
यंत्रातली बाई बाळाला 'बाल' म्हणते.
तिला ळ येत नाही,
आणि तिला पाठवावं असं माझ्या ओळखीत कुणी नाही.

मी चौकोनावर बोट ठेवते आणि थांबते.
मनात दहा आकडे.
लोकांना वाटतं मॅडम बोलायला शिकवतात,
पावती फाडते मी ती गप्प बसण्याची.

साडेचार महिने.
मग एकदा प्रांजलीने घास पुढे केला, दुधीचा,
आणि त्याचं बोट सरळ गेलं : नको.
परत : नको.
तिने माझ्याकडे पाहिलं. पहिला शब्द, आणि हा?
घास मागे घ्या, मी म्हटलं, आत्ता, लगेच,
शब्दाने काहीतरी हललं पाहिजे
नाहीतर तो नुसता आवाज.
घास मागे गेला. ताटही गेलं.
शार्विल हसला,
कपाट सरकवून दमलेल्या हमालासारखा.

फोन येतात. आज पाहुणे आलेत. आज कणकण आहे त्याला.
फी पुढच्या महिन्यात चालेल ना?
चालेल. पेट्रोल तेवढं ह्याच महिन्यात लागतं.
चित्रांच्या सॉफ्टवेअरचं भाडं डॉलरमध्ये कापलं जातं,
त्यात बर्गर आहे, बर्फाचा माणूस आहे,
भाकरी नाही.
तिचा फोटो मी नाशिकरोडला बोराड्यांच्या तव्यावरून घेतला.

पुंजाराम बोराडे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
झटक्यात उजवा हात गेला, भाषा गेली,
मोजणी राहिली.
एक ते शंभर घडाघडा, एक नोट न चुकता.
काका, कसे आहात? सत्तावीस, अठ्ठावीस.
दुखतंय का कुठे?
एकोणतीस.

काकूंना विचारलं, तुमच्या बटणावर नाव काय टाकू?
कौसल्या, म्हणाल्या. मग पदर सावरून :
पण नाव नका टाकू. नावाने कधी हाकच नाही मारली ह्यांनी.
अगं टाका.

अगंचं चित्र कुठेच नाही.
अर्धा तास शोधलं. हसरी बाई, उभी बाई, टोपीवाली बाई.
काकू मान हलवत राहिल्या.
शेवटी म्हणाल्या, ह्या दाराचा काढा फोटो,
स्वयंपाकघराच्या, निळ्या पडद्यासकट.
मी तिथूनच येते ना.

आवाज मुलाचा भरला, बापासारखाच आहे म्हणे.
अंबडची रात्रपाळी करून आलेला तो,
आईला तसं अगं म्हणताना चारदा हसला.
पाचवं ठेवलं.

काकू कुकर बघायला आत गेल्या.
मी थांबले. दहा झाले.
काकाही मोजत होते, ओठांतल्या ओठांत,
एकतीसला अडकले.
डावं बोट उचललं, भलतीकडे गेलं, भाकरीवर,
परत आलं.
निळा पडदा.

"अगं."

शिट्टी झाली, आणि शिट्टीवरून, सवयीने, जरा चिडून :
"आले हो. हात ओले आहेत."